आपल्या पावसानं वळवलेल्या बोटी

मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही! नाणेघाटाच्या माथ्यावर आषाढात जो वारा धबधब्याचं पाणी खाली पडूच देत नाही, उलटं वर भिरकावतो, त्याच वाऱ्यानं दोन हजार वर्षं अरबी समुद्रावरच्या जहाजांना वाटा आखून दिल्या आहेत. रोमन काळातली शिडाची जहाजं याच वाऱ्यावर इकडं आली. विलायतेला निघालेल्या आगबोटींचे कप्तान याच वाऱ्यापायी नकाशावरची सरळ रेघ सोडून मोठा वळसा घेत. आणि हाच वारा मुरबाड-शहापूरच्या डोंगरांना धडकून आमची भातखाचरं भरतो. समुद्र आमच्यापासून लांब आहे, असं आता कुणी म्हणालं की मी त्याला हात धरून नकाशापुढं बसवतो.

सुरुवात झाली गांधीजींच्या आत्मकथेपासून. १८८८ साली बॅरिस्टर व्हायला निघालेला अठरा वर्षांचा मोहनदास मुंबईत येतो आणि स्नेही मंडळी त्याच्या भावाला अडवतात: जून-जुलैत हिंदी महासागर खवळलेला असतो, मुलाचा पहिलाच प्रवास आहे, नोव्हेंबरपर्यंत थांबवा. एक आगबोट नुकतीच वादळात बुडाल्याची बातमीही कुणीतरी आणतो. शेवटी ४ सप्टेंबरला तो ‘क्लाइड’ बोटीनं निघतो. तीन वर्षांनी, १८९१च्या ऐन पावसाळ्यात, परत येताना मात्र एडनपासून मुंबईपर्यंत समुद्र उसळलेलाच. जवळजवळ सगळ्यांना बोट लागलेली. गांधीजी ठणठणीत, डेकवर उभे राहून लाटांचे तुषार अंगावर घेतायत. सकाळच्या न्याहारीला त्यांच्याशिवाय एक-दोघंच हजर, आणि तेही ओटची लापशी सांडू नये म्हणून बशी मांडीवर सांभाळून बसलेले.

ती बशी माझ्या डोक्यातून जाईना. गांधीजी मुंबईत पोचले तो जुलैचा पहिला आठवडा, म्हणजे आमच्याकडं आवणीचे दिवस. ज्या वाऱ्यानं ती लापशी हिंदकळत होती, तोच पुढं दोन-तीन दिवसांत मुरबाडच्या चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या बायांच्या इरल्यांवर आपटला असणार! वारा एकच. तिकडं त्याला वादळी हवा म्हणायचं, इकडं पाऊस लागला म्हणायचं. हे लक्षात आलं आणि मग मी थांबलोच नाही. जे मिळेल ते वाचत सुटलो.

या वाऱ्याचा प्रवास तरी किती लांबचा! तो निघतो विषुववृत्ताच्या पलीकडून, दक्षिण गोलार्धातून. मादागास्करच्या वरच्या अंगानं आफ्रिकेच्या किनाऱ्याकडं येतो, तिथले पूर्व आफ्रिकेचे उंच डोंगर त्याला अडवतात, आणि तो उत्तरेकडं वळून सोमालियाच्या किनाऱ्यालगत प्रचंड वेगानं सुटतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळं विषुववृत्त ओलांडल्यावर तो उजवीकडं झुकतो आणि थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. हवामानशास्त्रात याला सोमाली जेट म्हणतात. फिंडलेटर नावाच्या शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकाच्या अखेरीस याचा नीट अभ्यास मांडला, म्हणून फिंडलेटर जेटही म्हणतात. याचा जोर सर्वांत जास्त असतो तो समुद्रसपाटीपासून साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर. आणि सह्याद्रीचा कडा केवढा? शहापूरचा माहुली सुमारे साडेआठशे मीटर, हरिश्चंद्रगड चौदाशेच्या वर, कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे नेमक्या त्याच उंचीत आपली भिंत उभी आहे! एवढा समुद्र पिऊन आलेला वारा इथं आडवा अडतो, वर चढतो, गार होतो आणि कोसळतो.

नाणेघाटात हे डोळ्यांनी दिसतं. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानं जाताना वैशाखरे मागं पडलं की उजव्या हाताला नानाचा अंगठा हा कडा ढगात खुपसलेला दिसतो. वर माथ्यावर, घाटघरच्या बाजूनं वाहत आलेलं पाणी कड्याच्या कडेशी येतं, ओठंगतं, आणि खालून दरीतून उसळून आलेला वारा ते जसंच्या तसं उचलून मागं फेकतो. माणसं त्याखाली उभी राहून भिजतात, ओरडतात, फोटो काढतात. मीही भिजलो, ओरडलो! पण मला तिथं उभं राहून एकच गोष्ट दिसत होती: हाच वारा आता सोकोत्रा बेटापाशी कुणाच्या तरी बोटीच्या नाळेवर चार-पाच मीटरच्या लाटा आपटत असेल.

आता त्याच माथ्यावर जी लेणी आहे तिच्यात चला. भिंतीभर ब्राह्मी अक्षरं. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा, सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख. अश्वमेध, राजसूय, दान दिलेल्या हजारो गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं. त्या दानांचे आकडे कोरलेत, आणि आपल्या आजच्या अंकांच्या पूर्वजांची फार जुनी रूपं त्यांत आहेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं उरलीत. बाहेर दगडाचा तो प्रसिद्ध रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेनं सांगतात. मी त्याच्या काठावरून हात फिरवला. झिजून गुळगुळीत झालेला गार दगड, आत पावसाचं पाणी.

ही जकात कसली? कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडं, पुढं पैठणकडं जाणाऱ्या मालाची. आणि इथं समुद्र घाट चढून वर येतो! इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं पुस्तक आहे. लेखकाचं नाव ठाऊक नाही, पण माणूस पक्का दर्यावर्दी. त्यात आपलं कल्याण ‘कल्लिएना’ या नावानं येतं. तिथं तो सावधही करतो: हे बंदर पूर्वी राजरोस व्यापाराचं होतं, पण आता सत्ता बदलली आहे, इथं चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची शक्यता आहे. म्हणजे वाट ठरवताना त्यांना वाराही बघावा लागे आणि राजकारणही.

आणि त्यांचं वेळापत्रक! हे वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. ‘पेरिप्लस’ सांगतो की इजिप्तहून हिंदुस्थानला जुलैच्या सुमारास निघावं. हिप्पालस नावाच्या नाविकानं बंदरांच्या जागा आणि समुद्राचं स्वरूप पाहून किनारा सोडून थेट समुद्र ओलांडण्याची वाट काढली, अशी नोंदही त्यात आहे. पण जुलै का? जुलैत तर वारा ऐन भरात! कारण साधं आणि अफाट आहे. इजिप्तहून निघून तांबडा समुद्र उतरून एडनच्या तोंडाशी यायलाच काही आठवडे जातात. तिथून मागचा वारा घेऊन समुद्र ओलांडायला आणखी काही आठवडे. प्लिनी हा रोमन लेखक दक्षिणेतल्या मुझिरिसपर्यंत चाळीस दिवस सांगतो. म्हणजे जहाज आपल्या किनाऱ्याशी येतं सप्टेंबरात, जेव्हा वाऱ्याचा जोर ओसरलेला असतो. लवकर निघालं आणि जूनअखेर किंवा जुलैत किनारा गाठला, तर तोच मदतीचा वारा जहाज खडकांवर नेऊन आपटणार. वारा जोरात असताना निघायचं आणि तो दमल्यावर पोचायचं, एवढी बारीक गणितं शिडाच्या जहाजावर!

आपले कोळी बांधव हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या, श्रावणी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, मग पाण्यात उतरायचं. आज सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. तारखा कागदावर आल्या, वारा तोच. आणि सप्टेंबरात जहाज लागलं की माल उतरून कल्याणहून मुरबाडमार्गे बैलांवर लादून नाणेघाटाच्या पायथ्याला यायचा तो पाऊस सरलेला, वाट सुकलेली असताना. परतीचा ईशान्येचा वारा सुरू होईस्तोवर देशावरचा माल खाली उतरलेला. समुद्राचं आणि घाटाचं वेळापत्रक एकमेकांत किती चपखल बसतं बघा!

आता वाटेल की आगबोट आली आणि वाऱ्याची सद्दी संपली. मुळीच नाही, आणि माझ्या शोधातला सर्वांत रंजक भाग हाच. १७ नोव्हेंबर १८६९ला सुएझ कालवा उघडला आणि मुंबई ही विलायतेच्या बोटींची मुख्य दारवाट झाली. मुंबई ते एडन सुमारे १,६५० सागरी मैल. नकाशावर पट्टी ठेवली की जवळजवळ पश्चिमेकडं सरळ रेघ. पण जून ते ऑगस्ट त्या रेघेवरून जायचं म्हणजे वारा आणि लाटा तोंडावर घ्यायच्या. बोटीची नाळ लाटेत घुसते, वर उचलली जाते, आणि त्याच क्षणी मागचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच गरागरा फिरतो. सगळं यंत्र थरथरतं. कप्तानाला वेग कमी करावाच लागतो. कोळसा जळतो, मैल सरकत नाहीत, उतारू केबिनमध्ये आडवे. मग कमी ताकदीच्या बोटी काय करत? दक्षिणेला उतरत. सोमाली जेटचा सर्वांत तिखट पट्टा सोकोत्रापासून अरबी समुद्राच्या मध्यापर्यंत असतो. त्याच्या खाली, विषुववृत्ताच्या बाजूला, वारा मऊ असतो. तिथून पश्चिमेकडं जायचं, सोमालियाचा किनारा गाठायचा, मग तोच वारा पाठीशी घेऊन उत्तरेला चढायचं आणि ग्वार्दाफुईच्या भूशिराला वळसा घालून एडनच्या आखातात शिरायचं. तिथं समुद्र निवळतो. मैल जास्त, पण बोट धड आणि वेळही हाताशी.

आमच्याकडच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. माळशेजात दरड कोसळली की जुन्नर-आळेफाट्याला निघालेला मुरबाडकर काय करतो? कसाऱ्याकडून नाहीतर खंडाळ्याकडून फिरून जातो. कप्तानानं समुद्रात तेच केलं. लांबची वाट कधी कधी लवकर पोचवते!

अर्थात या वळशाच्या वाटेवरही धोके होते. ग्वार्दाफुईपाशी पावसाळ्यात हवा धुरकट, प्रवाह जोरदार, आणि त्याच्या दक्षिणेला तसंच दिसणारं दुसरं एक भूशीर. खरं समजून तिथंच वळलेली जहाजं खडकांवर गेली. सोकोत्रा तर आणखी क्रूर. पी अँड ओ कंपनीची ‘एडन’ ही बोट ९ जून १८९७ला, पावसाळी वाऱ्यात, सोकोत्राच्या पूर्वेला खडकावर आदळली. ७८ माणसं गेली. जी वाचली ती फुटक्या बोटीवर सतरा दिवस लाटांचा मारा सोसत तग धरून होती; मग ‘मेयो’ या सरकारी जहाजानं त्यांना सोडवलं. तारीख पुन्हा बघा. ९ जून. आपण मृगाच्या पावसाची वाट बघत आकाशाकडं डोळे लावून असतो, ते दिवस.

म्हणून मी आता जुन्या प्रवाशांच्या तारखा वाचतो आणि मनात वारा घालून पाहतो. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलात कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि १८८६च्या नोव्हेंबरात मुंबईला परतल्या: जाताना मोसमी वाऱ्याच्या आधी, येताना त्याच्या नंतर. बाबासाहेब आंबेडकर मात्र १९१३च्या जूनमध्ये मुंबईहून निघाले आणि जुलैत न्यूयॉर्कला पोचले. म्हणजे ऐन वाऱ्याच्या तोंडावर! कोलंबिया विद्यापीठाची ती वाट पहिल्याच टप्प्यात अरबी समुद्राच्या सर्वांत कठीण दिवसांतून गेली, हे तारीख वाचल्याशिवाय जाणवत नाही.

ऋतू बघून वाट बदलणं एवढं मोलाचं की अटलांटिकवर तर त्याचे नियम झाले. मॅथ्यू मॉरी या अमेरिकी नाविक अधिकाऱ्यानं १८५५मध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या बोटींसाठी वेगळे पट्टे सुचवले, आणि १८९८मध्ये मोठ्या कंपन्यांनी ठरावीक मार्ग मान्य केले: हिमनगांच्या महिन्यांत दक्षिणेचा, एरवी उत्तरेचा. ‘टायटॅनिक’ बुडाली ती दक्षिणेच्या मार्गावरच. त्यानंतर मार्ग आणखी खाली सरकवले गेले. वाटांबरोबर पुढं बोटीही बदलल्या: लाटेत डुलणं कमी करणारे पंख बोटीच्या कुशीला लावण्याची युक्ती मोठ्या प्रवासी बोटीत आली ती १९५०च्या ‘चुसान’पासून, आणि ‘चुसान’ही पी अँड ओचीच, पूर्वेकडच्या मार्गावरची.

आणि आता शहापूर. इथं माझा आवाज खाली येतो, पण सांगायलाच हवं. गांधीजींच्या स्नेह्यांनी सुरक्षित म्हणून कोणता महिना सांगितला होता? नोव्हेंबर. त्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८८८ला, कच्छच्या मांडवीहून एक आगबोट मुंबईला निघाली. द्वारकेला आणखी उतारू घेतले. पोरबंदरला, गांधीजींच्या जन्मगावी, हवा खराब म्हणून ती थांबली नाही; पुढं मुंबईची वाट धरली. मांगरोळच्या आसपास ती दिसली आणि मग कधीच दिसली नाही. सातशेहून जास्त माणसं, त्यांत लग्नाची वऱ्हाडं आणि मुंबईला परीक्षेला निघालेले विद्यार्थी. विजेचे दिवे होते म्हणून गुजरातेत तिला ‘वीजळी’ म्हणत. कागदोपत्री नाव होतं ‘वैतरणा’. आपली वैतरणा! जिच्यावर शहापूर तालुक्यात मोडकसागर बांधलाय, ती नदी. तिचं नाव घेऊन फिरणारी बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळात नाहीशी झाली, आणि चौकशीत जीव वाचवण्याची साधनंच अपुरी असल्याचं निघालं.

यात त्या स्नेह्यांचा सल्ला खोटा नव्हता. मोसमी वारा तारखेनं येतो, तारखेनं जातो. त्याला बगल देता येते. चक्रीवादळाला तारीख नसते. अरबी समुद्रात ती बहुतेक मोसमाच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि मोसम सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात. भर जुलैत वरच्या आणि खालच्या वाऱ्यांची दिशा इतकी वेगळी असते की त्यांना उभंच राहता येत नाही. म्हणून दर्यावर्द्याला दोन्ही कळावं लागतं: कोणत्या वाऱ्याला वळसा घालायचा आणि कोणत्या हवेत बंदर सोडायचंच नाही.

शहापूरचा दुसरा धागा आनंदाचा आहे. १८६१मध्ये रेल्वे कसाऱ्याला पोचली, १ जानेवारी १८६५ला थळ घाट चढून इगतपुरीला, आणि १८७०च्या मार्चमध्ये जबलपूरमार्गे कलकत्त्याशी जोडली गेली. त्यासरशी विलायतेहून आलेल्या प्रवाशाला नवी निवड मिळाली. कलकत्त्याला जायचं तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालचा उपसागर पार करा, किंवा मुंबईत उतरा आणि गाडीत बसा. टपालाच्या थैल्यांनी गाडी निवडली. त्या थैल्या आसनगाव, आटगाव, खर्डीवरून गेल्या, कसाऱ्याला जादा इंजिन लावून सदतीसास एक अशा चढानं वर चढल्या. शिडाच्या काळात समुद्राची वाट मुरबाडमधून देशावर चढत होती, वाफेच्या काळात ती शहापूरमधून चढू लागली. आमचे दोन शेजारी तालुके, दोन घाट, आणि दोन्हींच्या तळाशी एकच समुद्र!

हे सगळं आमच्या शाळांमध्ये शिकवलं गेलं पाहिजे, आणि फळ्यावर फक्त तालुक्याचा नकाशा टांगून नव्हे. शेजारी अरबी समुद्राचा नकाशा लावा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्रातल्या लाटांच्या उंचीचा अंदाज रोज देते, मोबाइलवरही बघता येतो. जूनमध्ये एके दिवशी वैशाखऱ्यात, डोळखांबला, किन्हवलीत झोड सुरू झाली की तो उघडा. सोकोत्राजवळचा लाल पट्टा पाहा. मग मुलांना सांगा: मुंबईहून एडनला बोट न्यायची आहे, वाट काढा. कुणी सरळ रेघ ओढेल, कुणी दक्षिणेला उतरेल, कुणी म्हणेल सप्टेंबरपर्यंत थांबू. कोणाचंही उत्तर येऊ दे, मग विचारा, का? आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन नाणेघाट चढा. तुम्हीही या. पाऊस असेल, भिजाल, पण चला!